फोंडा–पणजी रस्त्यावरचा आमचा बसथांबा: सुधारणांनंतरचा अनुभव

फोंड्याहून पणजीला जाताना मंगेशीच्या पुढे आमचा थांबा लागतो. मी पणजीत औषधांच्या दुकानात नोकरी करते आणि जाणं-येणं बसनेच. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वाड्यावरच्या मुलांनी वर्गणी काढून थांब्यावर काही लहान कामं केली: वेळांचा फलक, सौर दिवा, बाक आणि चढायला ओटा. पाऊस, चवथ, दिवाळी सगळं होऊन गेलंय, त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल.

सगळ्यांत स्वस्त होता फलक, आणि सगळ्यांत उपयोगी तोच पडला. आमच्या भागात खासगी बसच्या वेळा कंडक्टरला आणि रोजच्या माणसांना पाठ असतात. बाकीच्यांनी नुसतं रस्त्याकडे बघत राहायचं. मुलांनी कंडक्टरांनाच विचारून वेळा उतरवल्या आणि सगळ्यांत खाली, लाल अक्षरांत, शेवटची बस लिहिली. त्या एका ओळीमुळे माझ्या सासूबाई पुन्हा फोंड्याला एकट्या जायला लागल्या. पूर्वी ‘येताना बस चुकली तर?’ या धास्तीने त्या जायच्याच नाहीत. आता बहिणीकडे चहा घेऊन आरामात येतात.

पहिला फलक मात्र फार टिकला नाही. लॅमिनेशन केलेला कागद होता आणि त्याचं तोंड पश्चिमेला. आपल्याकडचा पाऊस तिकडूनच तिरका येतो. कडेने पाणी शिरलं आणि शाई पसरून सहाचा आकडा आठसारखा दिसायला लागला. दुसरा फलक पत्र्याचा केला, आतल्या भिंतीवर, झड पोचत नाही तिथे. मजकूर ऑइल पेंटने लिहिलाय आणि प्रत्येक वेळ वेगळ्या पट्टीवर, दोन स्क्रूंनी बसवलेली. बसची वेळ बदलली की तेवढी पट्टी बदलायची. कुठल्याही गावाने हे जसंच्या तसं उचलावं.

दिव्याबद्दल बायकांना विचारा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून सुटलेल्या काही जणी इथे बस धरतात. पूर्वी त्या पलीकडच्या दुकानाच्या उजेडात उभ्या राहायच्या आणि बस दिसली की हायवे धावत ओलांडायच्या. आता थांब्यावरच उभ्या राहतात, ड्रायव्हरलाही लांबून दिसतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना असंच आढळलं होतं: काहीही सोय नसलेल्या थांब्यावर लोकांना वाट पाहण्याचा वेळ खऱ्यापेक्षा जास्त वाटतो, बाक आणि निवारा असला की कमी, आणि परिसर असुरक्षित वाटला तर बायकांना तोच वेळ फारच लांबतो. एक उणीव आहे. जुलैत ऊन नसतं, त्यामुळे दिवा लवकर मलूल होतो. पॅनेल मोठं घ्यायला हवं होतं.

बाक म्हणजे चिऱ्यांवर टाकलेली कडप्प्याची लादी, छान आहे. ओटा दोन पोती सिमेंटमध्ये झाला. बसची पहिली पायरी म्हाताऱ्या माणसांना उंच पडते, ती आता पडत नाही. फक्त ड्रायव्हरने बस ओट्याला लावून उभी करायला हवी. काही जण करतात, काही पुढे नेऊन थांबवतात आणि मग ‘बेगीन, बेगीन’ सुरू.

मडगावला जायचं झालं की मी पणजीहून कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शटल घेते. तिकीट आधी खिडकीवर, मग बसमध्ये. वाटेत थांबे नाहीत, सुट्ट्या पैशांवरून वाद नाहीत, गर्दीत हात घालून पैसे पुढे पोचवणं नाही. ब्राझीलच्या कुरितिबा शहरात १९९१ पासून नळकांड्यासारख्या थांब्यांवर आधी पैसे भरूनच बसमध्ये शिरतात, तत्त्व तेच. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर खिडकी शक्य नाही हे कळतं, पण फोंडा स्टँडवर सकाळच्या गर्दीपुरता एक माणूस खाली उभा राहून तिकिटं फाडू शकतो.

आता एकच मागणी राहिलीय आणि ती बसमालकांकडे आहे. जुन्या गोव्याहून पुढे काही बस रायबंदरवरून जातात, काही बायपासने. चोडणची फेरीबोट धरणाऱ्याला रायबंदरलाच उतरायचं असतं आणि बस कुठून जाणार हे चढल्यावर कळतं. काचेवर ‘रायबंदरमार्गे’ किंवा ‘बायपासमार्गे’ अशी हाताएवढ्या अक्षरांची पाटी लावा. रंगवून द्यायला आमची मुलं तयार आहेत, पैसेही मागत नाहीत.