ऑनलाइन एमपीएच, १४ महिन्यांनंतर: शिकवणं उत्तम, पण परीक्षेत कच्चा कागद चालत नाही

साडेतीन हजार रुपये. जैवसांख्यिकीच्या फेरपरीक्षेची फी. मी नापास झालेले नाही. पेपर सोडवताना सतरा वेळा खाली बघितलं म्हणून निकाल रोखला आहे.

माझं बीएस्सी नर्सिंग झालंय. राहते कळव्यात, नोकरी घणसोलीच्या बाजूला एका नागरी आरोग्य केंद्रात. एमपीएचचं, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीचं, तिसरं सत्र चालू आहे, आणि हा दुसऱ्या सत्राचा पेपर. तक्रार अजून मिटलेली नाही, म्हणून विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. विषय कोणते असतात ते इथल्या लोकांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

प्रश्न असा होता. १,००० लोक, त्यांतल्या १ टक्का लोकांना आजार. चाचणीची संवेदनशीलता (आजाऱ्यांपैकी किती पकडले जातात) ९० टक्के, विशिष्टताही (निरोगींपैकी किती निगेटिव्ह येतात) ९० टक्के. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरोखर आजारी किती? ज्यांनी हे गणित केलंय त्यांचा हात आपोआप चार घरांची चौकट काढायला जातो. आजारी १०, त्यांतले ९ सापडले. निरोगी ९९०, त्यांतले ९९ विनाकारण पॉझिटिव्ह. म्हणजे पॉझिटिव्ह १०८ आणि त्यांत खरे ९, जेमतेम ८ टक्के. चौकट समोर असली की दोन मिनिटांचं काम. ती डोक्यात धरून स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलं की आडव्या बेरजेतला आकडा उभ्या बेरजेत जातो.

सूचनांमध्ये पुस्तक, वह्या आणि मोबाइल नको एवढंच होतं. कोऱ्या कागदाबद्दल एक अक्षर नव्हतं. सुरुवातीला कॅमेऱ्यातून खोली दाखवायची असते, तेव्हा मी कागद दोन्ही बाजूंनी दाखवला. कोणी हरकत घेतली नाही. तीन आठवड्यांनी मेल आला: नजर स्क्रीनबाहेर, १७ वेळा.

पुढचं सगळं तक्रारीच्या खिडकीवर. अकरा मेल केले. दोनदा तक्रार आपोआप ‘निकाली’ निघाली. फोन लागला की ‘मॅडम, सिस्टीमने पकडलंय’ एवढंच उत्तर. माणसाने रेकॉर्डिंग एकदा बघावं, त्यात फक्त चौकटी दिसतील, हे मी प्रत्येक मेलमध्ये लिहिलं. दर महिन्याला बचत गटात टाकते त्यातून ही फी काढावी लागली, म्हणून जास्तच लागलं.

रागात आहे म्हणून शिकवण्याला नावं ठेवणार नाही. साथरोगशास्त्राच्या बाई कमाल शिकवतात. व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतात, आणि हे फार मोठं सुख आहे. कळव्याहून ठाण्याला गर्दीत काही ऐकू येत नाही, पण नवी मुंबईकडची ट्रान्सहार्बरची लोकल ठाण्यातूनच सुटते, खिडकी मिळाली तर घणसोलीपर्यंत एक प्रकरण ऐकून होतं. १८५४ चा लंडनचा कॉलरा आणि त्यातले मृत्यू पाण्याच्या एका पंपाभोवती दाखवणारा डॉ. जॉन स्नोचा नकाशा, हे या विषयात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बाईंनी ते पुन्हा सांगितलं नाही. पंपाजवळच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार का वाचले, एवढ्यावर तास घेतला. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आजारी पडलेल्या माणसाइतकंच न पडलेल्या माणसालाही विचारायचं असतं, हे मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं.

आणि ते कामाला आलं. पावसाळ्यात आमच्या हद्दीतल्या एका इमारतीतून जुलाबाचे पेशंट यायला लागले. एरवी आम्ही ओआरएस आणि झिंक देऊन नोंद केली असती. मी केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला यादी केली: नाव, वय, मजला, त्रास कधी सुरू झाला, पाणी कुठलं. मग तारखांवर एकेका पेशंटसाठी एकेक चौकोन. दोन दिवसांवर चौकोनांचा मनोरा उभा राहिला आणि पुढे एकदम उतरला. असा आकार दिसला की सगळ्यांना एकाच जागेहून आणि एकाच वेळी लागण झाली असावी, असा संशय घ्यायचा. आमच्या आशाताई म्हणाल्या, ‘सिस्टर, बी विंगमधलं कोणीच आलेलं नाही.’ बी विंगची टाकी वेगळी. आम्ही दोघी ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन तपासायची, पेटी घेऊन गेलो. बी विंगच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले, पिवळं झालं. ए विंगचं तसंच पांढरं राहिलं. क्लोरीन शिल्लकच नव्हतं. नळाच्या पाण्यात ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी हवा. टाकी त्याच दिवशी रिकामी करून धुतली. तो केसपेपर मी लॅमिनेट करून ठेवलाय.

म्हणून कागदावर माझा एवढा जीव अडकलाय. हा विषय कागदावर चौकटी आणि चौकोन काढूनच डोक्यात शिरतो.

बाकीचं थोडक्यात. चर्चासत्रं रात्री नऊला, नोकरी करणाऱ्या बायकांना ती वेळ जाचक आहे. आकडेवारीसाठीचं एपी इन्फो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वेगळं विकत घेऊ नका. नोकरीसाठी ही पदवी करणार असाल तर आधी जाहिराती वाचा. बऱ्याच पदांना वैद्यकीय पदवी आणि त्यावर एमपीएच मागतात, नर्सिंगवाल्यांना तिथे अडवलं जातं. यूजीसीच्या २०२० च्या नियमांत नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी असे विषय ऑनलाइन चालत नाहीत, त्यामुळे आरोग्याच्या जवळचा कुठलाही अभ्यासक्रम असला तरी त्या वर्षीच्या मान्यतेच्या यादीत नाव स्वतः बघा. एजंटच्या शब्दावर पैसे भरू नका. आणि प्रवेशाआधी लेखी विचारा: परीक्षेत कच्चा कागद चालतो का?

इथपर्यंत गेल्या रविवारी लिहिलं होतं. काल परीक्षा विभागातून एका बाईंचा स्वतःहून फोन आला. त्यांनी माझं रेकॉर्डिंग पूर्ण बघितलं होतं. ‘तुम्ही चौकटच काढत होता, मला दिसलं,’ म्हणाल्या. माझा घसाच दाटून आला. या सत्रापासून एक कोरा कागद चालेल, आधी आणि नंतर कॅमेऱ्याला दाखवायचा, असं पत्रक निघालंय. ‘अजिबात घेऊ नका’ असं वर लिहिलं होतं, ते मी खोडलं.

माझा जुना पेपर मात्र उघडणार नाहीत, नियमात बसत नाही म्हणे. फेरपरीक्षा येत्या रविवारी ११ वाजता. साडेतीन हजार परत मागणारा बारावा मेल आज सकाळी टाकलाय, उत्तर आलं की इथेच लिहीन.