डिझायनर रग, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: लोकरीला पैकीच्या पैकी, चमकदार रेघ सपशेल नापास

पाणी सांडलं नसतं तर हा रिव्ह्यू लिहायला मी बसलेच नसते. साधं पिण्याचं पाणी, तेही जेमतेम अर्धा ग्लास, लगेच सुती कापडाने टिपून घेतलं, घासलं नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पिवळट कडेचा डाग आणि हाताला कडक लागणारी लव (रगवरचे उभे धागे). आता मुद्दा असा की डाग फक्त रगवरच्या गडद, चमकदार रेघेवर आहे. तेवढंच पाणी शेजारच्या पांढऱ्या लोकरीवरही पडलं होतं, तिथे मी बॅटरी घेऊन शोधलं तरी काही दिसत नाही.

रग कोणता ते फोटो बघून ओळखालच, पांढरट जमीन (म्हणजे रेघांमागचा मूळ भाग), त्यावर गडद वाकड्यातिकड्या रेघांचे शंकरपाळी चौकोन, एका टोकाला निळीचा रुंद पट्टा. हँड-नॉटेड आहे, म्हणजे एकेक गाठ हाताने मारलेला. साइज, गाठी, लवेची उंची हे सगळं प्रॉडक्टच्या पानावर दिलेलं असतं, ते इथे परत लिहीत नाही. एवढंच सांगते की हँड-नॉटेड हे खरं आहे, मी उलटा करून बघितलाय. मागे डिझाइन पुढच्यासारखंच स्वच्छ दिसतं, एकेक गाठ मोजता येते, आणि झालर वेगळी शिवलेली नसून उभ्या धाग्यांचीच टोकं आहेत. टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचलेला, असता तर मागे कापड चिकटवलेलं असतं आणि आत लेटेक्सचा थर, जो काही वर्षांनी सुकून भुगा व्हायला लागतो. त्या बाबतीत फसवणूक नाही.

आधी चांगलं सांगते, कारण दोन गोष्टींवर माझं मत पूर्ण बदललंय.

सुरुवातीला लोकर इतकी गळायची की व्हॅक्यूमचा डबा दर वेळी भरायचा, आणि मी कस्टमर केअरला मेल टाकला की माल खराब आहे. उत्तर आलं, 'हे हँडमेड प्रॉडक्टचं नैसर्गिक वैशिष्ट्य आहे.' तेव्हा डोकं फिरलं होतं. पण कातलेल्या लोकरीची लव कापली की आतले आखूड तंतू सुटे राहतात आणि ते हळूहळू वर येऊन निघतात, हे खरंच आहे. फिरता ब्रश बंद करून नुसत्या सक्शनने साफ करत राहिले, काही महिन्यांत गळणं जवळजवळ थांबलं. रग विरळही झाला नाही.

दुसरी तक्रार निळ्या पट्ट्याची. त्यात मधेच फिकट पट्टी आहे, मला वाटलं गोदामात ऊन लागून रंग उडालाय. उत्तर परत तेच, शब्दन् शब्द तेच. मग स्वतःच तपासलं. उन्हाने उडालेला रंग फक्त वरच्या टोकांवर फिका असतो, लव बाजूला सारली की खाली मूळ रंग दिसतो. इथे गाठीच्या मुळापर्यंत तोच फिकेपणा आहे, मागच्या बाजूनेही दिसतो, आणि पट्टी बरोब्बर विणीच्या ओळीला धरून आडवी जाते. म्हणजे एका वेळी रंगवलेलं सूत संपलं आणि पुढच्या वेळी रंगवलेलं लागलं. याला अब्राश म्हणतात. इराणच्या फार्स भागातल्या कश्काई लोकांच्या गब्बेह गालिच्यांत तर लोक हे मुद्दाम शोधून घेतात. आता मला रगमधली ती पट्टीच सगळ्यात जास्त आवडते, संध्याकाळच्या उजेडात तो निळा सपाट दिसतच नाही.

पण रेघ. रेघेवर मी काही केल्या गप्प बसणार नाही.

रगसोबत एक सुंदर पुस्तिका आली होती, जाड कागद, आठ-दहा पानं, सगळी 'प्रेरणे'बद्दल. मोरोक्कोच्या मिडल अ‍ॅटलस डोंगरातल्या बेनी ओरैन लोकांचे गालिचे ही मूळ प्रेरणा, वगैरे. ते मला मनापासून आवडतं, म्हणूनच हा रग घेतला. तिथल्या बायका कागदावर नकाशा न काढता, आठवणीतून विणत जातात, म्हणून रेघ कुठे वाकते, कुठे शंकरपाळी अर्धवट सुटते. आणि ते गालिचे दिवाणखान्याच्या शोभेसाठी नव्हतेच, डोंगरातल्या थंडीत अंथरायला-पांघरायला होते, लव लांब ठेवायचं कारण ते. त्या गडद रेघा म्हणजे बहुतेक वेळा काळ्या-तपकिरी मेंढीची न रंगवलेली लोकर. जमीन लोकर, रेघही लोकर, त्यामुळे दोन्ही सारखं झिजतात, सारखं मळतात, सारखं धुतलं जातात. माझ्या मते अख्ख्या डिझाइनचा कणा हा आहे.

आमच्या डिझायनरने काय केलं, रेघेचा आकार उचलला आणि लोकर काढून तिथे व्हिस्कोस घातला. का, तर उजेडात चमकावी म्हणून. पुस्तिकेत एका ओळीत 'आर्ट सिल्कची झळाळी' म्हटलंय. आर्ट सिल्क म्हणा, बांबू सिल्क म्हणा, बाजारात या नावाने मिळतो तो बहुतेक वेळा व्हिस्कोसच, म्हणजे झाडाच्या लगद्यापासून रसायनात विरघळवून बारीक छिद्रांतून ओढलेला धागा. दिसतो छान, मी नाही म्हणत नाही. पहिले काही आठवडे घरी येणारा प्रत्येक माणूस त्या रेघेलाच हात लावायचा. पण लोकरीला अंगचा कुरळेपणा असतो, पायाखाली दबली तरी परत उठते, व्हिस्कोसला तो नसतो, दबला की दबला. दारातून खिडकीकडे जायच्या वाटेवर रेघ आत्ताच चपटी झालीय आणि एका बाजूने करडी दिसते. शिवाय ओला झाला की हा धागा फुगतो आणि त्याची जवळजवळ निम्मी ताकद जाते, सुकताना पिवळा पडतो. जमिनीवर टाकायच्या वस्तूत असा धागा घालताना कोणी विचार केला नसेल का, की जमिनीवर पाणी सांडतं?

डागाचे फोटो पाठवले. उत्तर, तुम्ही ओळखलंच असेल, 'हे हँडमेड प्रॉडक्टचं नैसर्गिक वैशिष्ट्य आहे.' लोकर गळते हे वैशिष्ट्य, मान्य. अब्राश वैशिष्ट्य, तेही मान्य. पाण्याने डाग पडतो हे विणणाऱ्याच्या हाताचं वैशिष्ट्य कसं? तो धागा ऑफिसात बसून कोणीतरी निवडलाय. ज्या कारागिराने एवढ्या सफाईने गाठी मारल्या त्याच्या नावावर हे खपवतात याचा मला डागापेक्षा जास्त राग आलाय.

फोनवर एकाने तर सांगितलं की रेघ खऱ्या रेशमाची आहे. मग काठाजवळचा एक सुटा धागा घेतला, चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळला, शेजारी पाणी ठेवून. लोकर किंवा रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत काढली की विझायला बघतं. हा भुरकन पेटला, वास जळक्या कागदाचा, मागे उरली थोडीशी राखाडी राख. त्यानंतर त्यांच्याकडून रेशीम हा शब्द परत आला नाही.

कोणी म्हणेल जुन्याला कवटाळून बसलीय, नव्या धाग्यांना विरोध आहे. अजिबात नाही. आधुनिक रगची अर्धी भाषा जिथून आली त्या बाउहाउसमध्ये, १९१९ साली सुरू झालेली जर्मनीतली ती शाळा, विणकाम विभागात नव्या धाग्यांवर सतत प्रयोग चालायचे. तिथल्या अ‍ॅनी अल्बर्स यांनी १९३० च्या पदविकेसाठी जर्मनीतल्याच बर्नाऊ गावातल्या एका सभागृहाच्या भिंतीसाठी कापड केलं, एका बाजूला सेलोफेन, उजेड परतवायला, दुसऱ्या बाजूला शेनील, म्हणजे मखमलीसारखा मऊ धागा, आवाज शोषायला. सेलोफेन म्हणजे व्हिस्कोसचाच सख्खा भाऊ, त्याच लगद्यातून निघतो. पण त्यांनी तो भिंतीवर लावला, जिथे कोणी चालत नाही, आणि उजेड परतवणं हे त्याला नेमून दिलेलं काम होतं. माझ्या रगच्या पुस्तिकेत बाउहाउसचाही उल्लेख आहे, त्यांच्या चौकटी घेतल्यात म्हणे. चौकटी घेतल्या आणि धागा कुठे काय काम करतो हा विचार तिथेच सोडून आले.

सध्याची परिस्थिती: बरीच मेलामेली झाल्यावर क्लीनिंगचा खर्च देऊ म्हणालेत, रिप्लेसमेंट नाही. क्लीनिंग करणाऱ्याने बघून सांगितलं की पिवळेपणा थोडा कमी होईल, लव पूर्वीसारखी होणार नाही, आणि जास्त ओलं करायला तो स्वतःच तयार नाही. मी रेघेचा तेवढा भाग उलगडून शुद्ध लोकरीत पुन्हा गाठी मारून द्या असं सांगितलंय, रफू करणारे कारागीर हे करतात, जुन्या गालिच्यांत नेहमी होतं. त्यावर अजून उत्तर नाही. आलं की इथेच खाली लिहीन.

घेणार असाल तर याच डिझाइनची ऑल-वूल आवृत्ती ऑर्डरवर करून देतात, ती घ्या, स्वस्तही पडते, रेघ चमकणार नाही एवढंच. कुठल्याही रगच्या वर्णनात 'सिल्क टच', 'झळाळी' असलं काही दिसलं तर कोणत्या धाग्याचे किती टक्के हे लेखी मागा आणि जमिनीच्या सुताचा नि रेघेच्या सुताचा वेगवेगळा तुकडा मागवून दोन्हीवर पाणी टाकून रात्रभर ठेवा.

विणकामाला पाच तारे. धागा निवडणाऱ्याला एक, तोही निळीच्या पट्ट्यासाठी.