क्रमांकामागचा हिशेब शिकवणारे चार शनिवार

वीस वर्षे वडोदऱ्यात गणित शिकवत असताना, प्रत्येक नव्या धोरणाच्या वेळी फिनलंड आणि सिंगापूरच्या शाळांचे दाखले भाषणांतून ऐकत आले; ते पारखायचे कसे, हे मात्र दांडिया बाजारात शिक्षक-पालकांसाठी चार शनिवार भरलेल्या मराठी अभ्यासवर्गातच प्रथम शिकले. शुल्क ८०० रुपये होते आणि ते मला योग्य वाटले.

सर्वांत कसदार ठरला तो दुसरा शनिवार. पंधरा वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी २००० साली सुरू झाली. इंग्लंडचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह हे २०१० नंतर आपल्या सुधारणांच्या समर्थनार्थ, २००० ते २००९ दरम्यान देश त्या चाचणीत वाचनात ७व्या क्रमांकावरून २५व्या आणि गणितात ८व्यावरून २८व्या क्रमांकावर घसरल्याचे सांगत. वक्त्यांनी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि आम्हाला त्रुटी शोधायला लावल्या. २००० साली ब्रिटनमधील शाळांचा प्रतिसाद अपुरा असल्याने त्या वर्षीचे निकाल तुलनेस ग्राह्य नव्हते, शिवाय मधल्या काळात सहभागी देशही बरेच वाढले होते. तेथील सांख्यिकी प्राधिकरणाने २०१२ मध्ये या तुलनेतील अनिश्चिततेकडे लक्ष वेधले. हे उलगडताना सभागृहातील पालकही वहीत आकडेमोड करत होते, याचा मला विशेष आनंद वाटला.

‘पिसा’च्या पहिल्या निकालांनी जर्मनीला २००१ मध्ये बसलेला धक्का नेटकेपणाने मांडला गेला. भारताचा भाग मात्र दहा मिनिटांत आटोपला, ही गंभीर उणीव आहे. २००९ च्या फेरीत हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू वाचनात व गणितात केवळ किर्गिझस्तानच्या पुढे राहिले, आणि प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीशी जुळत नाहीत असे कारण देऊन भारत पुढील फेऱ्यांतून बाहेर पडला. गैरसोयीची तुलना टाळणे हाही तुलनेचा राजकीय वापरच आहे, आणि त्यावर चर्चा व्हायलाच हवी होती.

वडोदऱ्यात भरलेल्या वर्गात बडोदा संस्थानाचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा उल्लेखही नसावा, याची खंत वाटते. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून त्यांनी १९१० मध्ये तेथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना येथे बोलावले आणि त्यांच्याकडून राज्यभर वाचनालयांचे जाळे उभारून घेतले. परदेशाचा दाखला भाषणापुरता न ठेवता तेथील जाणकाराच्या हाती काम सोपवण्याची ही रीत आजच्या दाखल्यांशेजारी ठेवून पाहायला हवी होती. छापील टिपणांतील तक्तेही इतके फिके होते, की आकडे घरी पुन्हा लिहून काढावे लागले.

पुढील वर्ग दिवाळीनंतर आहे. या सूचना संयोजकांना लेखी दिल्या असून, शाळेतील दोन सहकाऱ्यांची नावे त्यासाठी नोंदवली आहेत.