थर्ड क्लास मेडिकल सोडून बेसिकमेड घेताना

मी न्यू जर्सीत अठरा वर्षांपासून भाड्याचे सेस्ना १७२ हे छोटे विमान उडवतो. चौसष्टाव्या वर्षी थर्ड क्लास मेडिकल या वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राचे नूतनीकरण न करता बेसिकमेड ही त्याऐवजीची पर्यायी व्यवस्था स्वीकारली आणि त्याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. अमेरिकेत असा बदल करताना खासगी वैमानिकाचा परवाना तोच राहतो, बदलतो तो फक्त वैद्यकीय पात्रतेचा आधार, आणि तो निवडताना पुढील पायऱ्यांचा क्रम चुकला तर परतीची वाट बंद होऊ शकते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

चाळिशीनंतर थर्ड क्लास मेडिकल दर चोवीस महिन्यांनी एफएए या अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने नेमलेल्या डॉक्टरांकडून घ्यावे लागते. १ मे २०१७ पासून लागू झालेल्या बेसिकमेडसाठी राज्याचा वैद्यकीय परवाना असलेले कोणतेही डॉक्टर चालतात. अट एवढीच की ड्रायव्हिंग लायसन्स वैध असावे आणि १४ जुलै २००६ नंतर केव्हातरी आपल्याकडे वैध मेडिकल असलेले असावे. हृदयविकार, मज्जासंस्थेचे किंवा मानसिक आजार यांपैकी ठरावीक आजार असतील, तर मात्र एकदा तरी एफएएची विशेष मंजुरी घ्यावीच लागते.

खरी अडचण बेसिकमेडच्या तपासणीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही मिळवण्यात आली. ज्या मोठ्या दवाखान्यात मी वर्षानुवर्षे जातो, तिथे तपासणीला होकार मिळाला, पण त्यांच्या कायदेविभागाने फॉर्मवर सही करण्यास मनाई केली आणि हे मला तपासणीच्या दिवशी खुर्चीत बसल्यावर कळले. त्यामुळे वेळ ठरवतानाच कोरा फॉर्म पाठवून सही करणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझा फॉर्म आधी वाचून ठेवला होता. कान, डोळे, फुप्फुसे, हृदय, पोट असा एकेक मुद्दा तपासून त्या पेनाने खूण करत गेल्या, माझ्या रक्तदाबाच्या गोळीचे नाव आणि मात्रा बाटलीवरून स्वतः वाचून घेतली, आणि ती घेतल्यावर चक्कर येते का, हे दोनदा विचारले. नेमलेल्या डॉक्टरांकडच्या माझ्या कोणत्याही तपासणीपेक्षा ही तपासणी मला अधिक कसून झालेली वाटली.

त्यानंतर बेसिकमेडसाठी लागणारा ऑनलाइन कोर्स एओपीए या वैमानिकांच्या संघटनेकडून केला. तो मोफत आहे आणि भाषा सोपी आहे. विशेषतः थकवा आणि औषधदुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांचा भाग मी पुन्हा वाचला. शेवटी डॉक्टरांचे नाव व परवाना क्रमांक भरावा लागतो, म्हणून तपासणी आधी आणि कोर्स नंतर. भरलेला फॉर्म एफएएकडे जात नाही, तो आपणच लॉगबुकसोबत (उड्डाणांच्या नोंदवहीसोबत) जपायचा असतो.

मुदती दोन आहेत आणि त्या वेगळ्या पद्धतीने मोजल्या जातात. तपासणीचे अठ्ठेचाळीस महिने तारखेपासून तारखेपर्यंत धरतात, तर कोर्सचे चोवीस महिने त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतात. माझी तपासणी १२ मार्च २०२५ ची आहे, म्हणून ती मार्च २०२९ च्या अखेरपर्यंत ताणता येणार नाही.

केवळ ड्रायव्हिंग लायसन्सवर स्पोर्ट पायलट या कमी अधिकारांच्या परवान्याच्या मर्यादेत उडण्याचाही पर्याय आहे आणि २२ ऑक्टोबर २०२५ पासून त्यात बरीच मोठी विमाने बसतात. पण प्रवासी एकच नेता येतो आणि उड्डाण दिवसाच करावे लागते. माझी बहीण व भावोजी पुण्याहून आले की दोघांनाही एकाच फेरीत हडसन नदी दाखवायची असते, त्यामुळे मला तो पर्याय उपयोगाचा नव्हता. बेसिकमेडवर सहा प्रवासी, १२,५०० पौंडांपर्यंतचे विमान आणि १८,००० फुटांपर्यंतची उंची चालते. मोबदला घेऊन मात्र उडता येत नाही. परदेशात ते तिथल्या सरकारने मान्य केले असेल तरच चालते. भारतात डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या खासगी वैमानिक परवान्याला द्वितीय श्रेणीची तपासणी लागते, तिथे याचा उपयोग नाही.

ज्यांना प्रकृतीबद्दल जराही शंका आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की थर्ड क्लासचा अर्ज ‘बघू तरी’ म्हणून भरू नका. तो नाकारला गेला, तर नव्याने मेडिकल मिळेपर्यंत बेसिकमेडही मिळत नाही आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचे उड्डाणही बंद होते. आधीचे मेडिकल नुसते मुदत संपून गेले असेल, तर हे दोन्ही मार्ग खुले राहतात.