रापणीचा गेम कशात लिहायचा: एसडीएल, एसएफएमएल की रेलिब?

मालवणात माझा भाचा रापणीचा गेम बनवतोय. होडी समुद्रात अर्धा वेढा घालत जाळं सोडते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून ओढणं सुरू होतं. एक बाजू पुढे गेली की मासळी निसटते. कल्पना झकास, पण लिहायचं कशात? खिडकी, चित्र, आवाज, गेमपॅड ही कामं प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी करावी लागू नयेत म्हणून ज्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, आहेत, त्यांतल्या तीन आम्ही पाहिल्या. तिन्ही फुकट, तिन्हींचा परवाना झेडलिब. गेम विकलात तरी पैसे द्यावे लागत नाहीत, सोर्स कोडही उघडा करावा लागत नाही.

सुरुवात रेलिबपासून केली. रामोन सांतामारिया यांनी २०१३ साली गेम प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठीच ती लिहायला घेतली आणि ते पदोपदी जाणवतं. साधी सी भाषा, बाहेरून वेगळं काही आणायला नको, सोबत शंभरावर उदाहरणं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि रेंज दोन्ही बेभरवशाची. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय काम चालतं, हे मला फार मोलाचं वाटतं. पहिल्याच संध्याकाळी होडी लाटांवर डुलायला लागली.

अडलं ते अक्षरांपाशी. 'सिंधुदुर्ग' लिहिलं तर नुसती प्रश्नचिन्हं, कारण मूळ फॉन्टात देवनागरी नाही. 'मुक्ता' फॉन्ट दिला, लागणारी अक्षरं सांगून लोड केला. आता अक्षरं आली, पण 'सि'मधली वेलांटी स च्या उजवीकडे, आणि 'र्ग'चा रफार ग वर चढायच्या ऐवजी पाय मोडलेला र नि त्याच्या शेजारी सुटा ग. "मामानु, ह्यां काय झालां?" रेलिब कोडपॉइंट (प्रत्येक अक्षर-चिन्हाचा ठरलेला क्रमांक) आले त्या क्रमाने एकेक मांडते. मराठीत मात्र वेलांटी मागे सरकते, जोडाक्षरं जुळतात. हे जुळवण्याचं काम वेगळं असतं आणि ते रेलिब अंगावर घेत नाही.

एसएफएमएल ३.० मध्येही मजकुराची हीच गत. एरवी ती मला आवडते. लॉरां गोमिला यांची २००७ पासूनची, सी++ मधली नीटनेटकी रचना. नेटवर्कचं मॉड्यूल आतच आहे, त्यामुळे जाळ्याच्या दोन टोकांना दोन लॅपटॉपवरचे खेळाडू बसवायचे असतील तर टीसीपी-यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन्ही पद्धती हाताशी. मात्र फोनसाठी मी ती घेणार नाही, आणि आमच्या वाडीत लॅपटॉप मोजके, फोन घरोघरी.

एसडीएल सॅम लँटिंगा यांनी १९९८ साली सुरू केली. अँड्रॉइडसाठी तयार प्रकल्पाचा सांगाडा सोबत मिळतो. शिवाय तिच्या जोडीची एसडीएल-टीटीएफ ही मजकुराची लायब्ररी हार्फबझसह (अक्षरं जुळवण्याचं काम करणारी लायब्ररी) बिल्ड केलेली, म्हणजे कंपाइल करून तयार केलेली असेल, तर लिपी देवनागरी सांगताच वेलांटी जागेवर बसते आणि रफार डोक्यावर चढतो. बिल्डमध्ये हार्फबझ आहे ना, हे आधी तपासा. नसेल तर पुन्हा तोच मोडका 'सिंधुदुर्ग'. चित्रं, आवाज, फॉन्ट यांच्या लायब्ररी वेगवेगळ्या जोडाव्या लागतात, त्यामुळे पहिला आठवडा त्यातच जातो. आणखी एक: २०२५ च्या जानेवारीत एसडीएल ३ ची पहिली स्थिर आवृत्ती आली, पण नेटवरच्या शिकवण्या बहुतेक एसडीएल २ च्या. दोनमध्ये लायब्ररीची सुरुवात यशस्वी झाली की शून्य परत यायचं, फसली की शून्यापेक्षा कमी आकडा; तीनमध्ये 'खरं' किंवा 'खोटं' येतं. जुनी 'शून्यापेक्षा कमी का' ही तपासणी तशीच उतरवली तर कोड कंपाइल होतो आणि चूक कधीच पकडली जात नाही. आम्ही एक अख्खी दुपार यात घालवली.

माझं मत विचाराल तर, पहिला गेम असेल आणि पडद्यावर आकडेच दिसायचे असतील तर रेलिब घ्या. ० ते ९ ला जुळवणी लागत नाही, गुण बिनधास्त मराठीत दाखवा. शीर्षकासारखे ठरलेले शब्द चित्र म्हणून टाका. सी++ येत असेल आणि खेळ कॉम्प्युटरवरच राहणार असेल तर एसएफएमएल. पण पात्रं मराठीत बोलणार असतील, खेळाडू स्वतःचं नाव टाकणार असेल, गेम फोनवर जायचा असेल, तर सुरुवातीचा त्रास सोसून एसडीएलच घ्या. भाच्याच्या गेममध्ये दोन रापणकर ओढता ओढता एकमेकांवर ओरडतात, तेही मालवणीत. त्याने होडीचा कोड रेलिबमधून एसडीएलमध्ये हलवायला घेतलाय.