विनाचालक ट्रक की चालकाचा मदतनीस? मुंबईतल्या मशीन लर्निंग इंजिनिअरपुढच्या दोन नोकऱ्या

दोन्ही ऑफर लेटरवर हुद्दा एकच असतो: मशीन लर्निंग इंजिनिअर, परसेप्शन, म्हणजे समोर काय आहे ते गाडीला ओळखायला शिकवणारा. दोन्हीकडे ट्रक, दोन्हीकडे कॅमेरे, मुलाखतीतले प्रश्नही बरेचसे तेच. पहिली नोकरी अमेरिकेत हायवेवर माणसाविना ट्रक चालवू पाहणाऱ्या कंपनीची, तिकडे जाऊन किंवा इथे बसून तिच्यासाठी करायची. दुसरी आपल्या मुंबई-पुणे पट्ट्यातली: भारतीय ट्रकमध्ये बसणारी चालक-साहाय्य यंत्रणा, म्हणजे सगळे ज्याला अडास म्हणतात ती, किंवा ट्रकमालकांसाठीचे डॅशकॅम. पहिलीचं नाव घेतलं की नातेवाईक भुवया उंचावतात, दुसरीचं घेतलं की 'म्हणजे नक्की काय करतोस?' विचारतात. त्यावर जाऊ नका. माझ्या मते निवड एकाच निकषावर करावी: तुमच्या मॉडेलने रस्त्यावर केलेली चूक तुमच्या टेबलावर किती लवकर आणि किती हातांतून येते.

आधी विनाचालक ट्रकबद्दल, कारण तिथला तांत्रिक प्रश्न खरोखर सुंदर आहे. अमेरिकेत भरलेला ट्रेलर साधारण 36 टनांपर्यंत असतो. ताशी 105 किलोमीटर वेगात त्याला थांबायला दीडशे मीटरहून जास्त अंतर लागतं. कारच्या दीडपटीपेक्षाही जास्त. मागे ट्रेलर असल्याने ऐन वेळी झटकन लेन बदलायचीही सोय नाही. म्हणून पुढचं 300 मीटर तरी ओळखता आलं पाहिजे. त्या वेगात 300 मीटर म्हणजे जेमतेम दहा सेकंद. आता हिशेब करा: 60 अंशांचं दृश्य टिपणाऱ्या, 3840 पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्यात तेवढ्या अंतरावर उभा असलेला माणूस वीसेक पिक्सेल उंच आणि सहा पिक्सेल रुंद दिसतो. तेवढ्यावरून हा बंद पडलेल्या गाडीशेजारी उभा असलेला माणूस आहे, टायरचा फाटका तुकडा नाही, हे ठरवायचं. रात्रीसुद्धा, आणि केबिन सतत हादरत असल्याने कॅमेऱ्याचा कोन किंचित हललेला असतानाही. 300 मीटरवर कॅलिब्रेशनमधली, म्हणजे कॅमेऱ्याचा कोन जुळवण्यातली, अर्ध्या अंशाची चूक अडीच मीटरहून जास्त भरते, म्हणजे गाडी शेजारच्या लेनमध्ये आहे की तुमच्याच, हेच बदलून जातं.

याच कारणाने ऑरोरा या विनाचालक ट्रकच्या कंपनीने 2019 मध्ये ब्लॅकमोर ही लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, बनवणारी कंपनी विकत घेतली. तिचा लायडार परतणाऱ्या प्रकाशाच्या वारंवारतेतल्या बदलावरून प्रत्येक बिंदूचा वेगही थेट मोजतो. दूरवरची वस्तू थांबलेली आहे की चालती, हे कळायला पुढच्या फ्रेमची वाट पाहावी लागत नाही. असल्या डेटावर मॉडेल शिकवण्याची संधी भारतात शोधून सापडणार नाही. सिम्युलेशनचंही, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आभासी रस्त्यावर गाडी तपासण्याचंही, तेच. राकेल उर्तासून यांनी 2021 मध्ये टोरांटोत काढलेल्या वाबी या विनाचालक ट्रकच्या कंपनीने तर सुरुवातीपासून सगळा भर सिम्युलेटरवर ठेवला. प्लॅनिंग (गाडीने पुढे काय करायचं ते ठरवणं), सिम्युलेशन किंवा 'ही गाडी पुरेशी सुरक्षित आहे हे सिद्ध कसं करायचं' या प्रश्नात तुमचा खरा जीव असेल, तर पुढचं फारसं न वाचता पहिली ऑफर घ्या. कष्ट तिथे सार्थकी लागतील.

बाकीच्यांनी या धंद्याचा इतिहास मात्र वाचावा. 2016 मध्ये उबरने विकत घेतलेल्या ओटो कंपनीच्या विनाचालक ट्रकने कोलोरॅडोत बियरचा माल पोचवला आणि जगभर बातम्या झाल्या. 2018 मध्ये उबरने ट्रकचा विभाग बंद केला. स्टार्स्की रोबोटिक्सने 2019 मध्ये फ्लोरिडाच्या रस्त्यावर रिकाम्या केबिनचा ट्रक चालवून दाखवला आणि 2020 मध्ये कुलूप लावलं. टूसिंपल 2021 मध्ये नॅसडॅकवर आली, त्याच डिसेंबरात तिने ॲरिझोनात चालकाविना फेरी केली, 2024 मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडली. वेमोने 2023 मध्ये ट्रक बाजूला ठेवून टॅक्सीवर लक्ष दिलं. या सगळ्यांकडे हुशार माणसांची कमतरता नव्हती. 

टिकून राहिलेल्यांची वाटचालही सरळ नाही. ऑरोराने 2025 च्या वसंतात डॅलस आणि ह्यूस्टनदरम्यान चालकाविना मालवाहतूक सुरू केली, आणि काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून चालकाच्या खुर्चीत पुन्हा माणूस बसवला. चालवायला नव्हे, नुसता बघायला. एक गंमत सांगतो. अमेरिकी नियमानुसार रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकभोवती दहा मिनिटांच्या आत धोक्याचे त्रिकोण ठेवावे लागतात. केबिनमध्ये माणूसच नाही तर ते ठेवणार कोण? या त्रिकोणांवरून कंपन्या आणि सरकारी खातं यांच्यात वाद होऊन गोष्ट कोर्टापर्यंत गेली. तुमचं मॉडेल कितीही चांगलं असो, वेळापत्रक असल्या गोष्टी ठरवतात.

कोडिॲक या अशाच दुसऱ्या कंपनीचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. त्यांनी टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात तेलविहिरींना लागणारी वाळू वाहणारे ट्रक चालकाविना सुरू केले: खाजगी रस्ते, कमी वर्दळ, ठरलेली ये-जा. कमी दिमाखदार काम, पण ट्रक खरोखर फिरतो आणि डेटा रोज येतो.

आता इकडे या. भारतात विनाचालक गाडीला रस्ता मिळायची शक्यता नजीकच्या काळात नाही, हे नितीन गडकरींनी 2017 मध्ये सांगितलं आणि 2023 मध्ये नागपुरात पुन्हा सांगितलं. कारण चालकांचा रोजगार. तुम्हाला ते पटो न पटो, करिअर आखताना ते गृहीत धरा. त्यांच्याच रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2025 मध्ये अवजड वाहनांसाठी आपोआप ब्रेक लावणारी, चालकाला डुलकी लागल्यास इशारा देणारी आणि लेन सुटल्यावर सावध करणारी यंत्रणा सक्तीची करण्याचा मसुदा काढला. म्हणजे सरकारला चालक हवा आहे, पण जागा. इथल्या नोकऱ्यांचा पाया तो आहे.

मुंबईकरांसाठी एक कटू सत्य: यातलं इंजिनिअरिंग मुंबईत फार थोडं होतं. टाटा मोटर्सचं मुख्यालय मुंबईत, पण ट्रकचं संशोधन पुण्यात. महिंद्राचं मुख्यालयही इथेच, रिसर्च व्हॅली मात्र चेन्नईजवळ. गाड्यांचं सॉफ्टवेअर करणारी केपीआयटी हिंजवडीत, गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय कोथरूडच्या टेकडीवर. ट्रकमधल्या कॅमेऱ्यांचं मोठं नाव असलेल्या नेट्राडाइनची टीम बंगळुरूत. म्हणून 'मुंबईत राहूनच' हा हट्ट असेल तर इंद्रायणी एक्सप्रेसच्या पासाचा विचार आत्ताच करा, नाहीतर पनवेलच्या पलीकडे घर बघा.

कामाचं स्वरूप बघायला द्रुतगती मार्गावर जायचीही गरज नाही. कळंबोलीच्या सिग्नलवर अर्धा तास उभे राहा. समोरची गाडी किती सेकंदांत आदळेल याचा हिशेब करून वाजणारा इशारा शिस्तीत लेन पाळणाऱ्या रस्त्यांसाठी बनवलेला असतो. आपल्याकडे दुचाकी ट्रकच्या बंपरपुढून सहज कापून जाते, मग तो दर मिनिटाला वाजतो, आणि चालक वायर उपटतो. त्यात त्याची चूक नाही. डुलकी ओळखणाऱ्या मॉडेलची रड वेगळी. पापण्या किती वेळ मिटल्या याचं प्रमाण हे त्याचं मुख्य माप. पण चालकाला काळा चष्मा असतो, थंडीत तोंडाला मफलर असतो, तंबाखू मळताना मान खाली जाते. खोटे इशारे कमी करायला इशारा वाजण्याचा उंबरठा वर नेला तर खरी डुलकी निसटते. आणि पहाटे तीनला खोपोलीच्या अलीकडे लागलेली डुलकी निसटणं काय असतं ते घाट ओळखणाऱ्याला सांगायला नको.

आपोआप ब्रेकचा प्रश्न तर त्याहून अवघड. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रेलर 55 टनांपर्यंत भरलेला असू शकतो, आणि परतताना तोच रिकामा असतो. वजन माहीत नसताना किती अंतरावरून ब्रेक दाबायचा? बोरघाट उतरताना ब्रेक आधीच तापलेले असतील तर? पुलाची सावली किंवा डांबरावरचं पत्र्याचं ठिगळ अडथळा वाटून विनाकारण ब्रेक लागला, तर मागून येणारी एसटी कुठे जाणार? हे सगळं काही वॉट विजेवर चालणाऱ्या छोट्या चिपवर बसवायचं. अमेरिकेतल्या ट्रकमध्ये कॉम्प्युटरला ऐसपैस जागा आणि वीज असते. इथे मॉडेलमधले आकडे आठ बिटांवर आणणं, पिळून लहान करणं, प्रत्येक मिलिसेकंद मोजणं हेच रोजचं काम. ते कौशल्य कुठेही विकलं जातं, ट्रकबाहेरही.

डेटाचीही मजा आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 मध्ये भारतीय रस्त्यांचा आयडीडी हा डेटासेट काढला. दहा हजार चित्रं, 34 वर्ग. त्यात रिक्षा आणि जनावरांना स्वतंत्र वर्ग आहेतच, पण डांबराशेजारच्या, अडीनडीला गाडी घालता येईल अशा कच्च्या पट्टीलाही आहे. परदेशी डेटासेटला ही पट्टी सुचली नसती. पुण्यातल्या एखाद्या छोट्या टीममध्ये तुम्ही असले वर्ग स्वतः ठरवाल, लेबल करणाऱ्यांना सूचना स्वतः लिहाल, मॉडेल स्वतः गाडीत घालाल आणि शनिवारी नवी मुंबईच्या एखाद्या ट्रकतळावर चालकाच्या शिव्या स्वतः ऐकाल. अमेरिकेतल्या मोठ्या टीममध्ये कदाचित दोन वर्षं फक्त 'रस्त्याकडेला थांबलेली वाहनं' एवढंच तुमच्याकडे असेल. खोली तिथे, रुंदी इथे. पहिल्या तीन-चार वर्षांसाठी मी डोळे झाकून रुंदी घेईन.

इथल्या कामात एक बोचणारी गोष्टही आहे, ती लपवत नाही. चालकाच्या तोंडावर रोखलेला कॅमेरा त्याला जागं ठेवण्यासाठी असतो, पण ट्रकमालक त्यावरून पगार कापू शकतो. ऑफर घेण्याआधी व्हिडिओ कोण बघतं, किती दिवस ठेवतात, हे विचारा. गुळमुळीत उत्तर मिळालं तर तुमचं मॉडेल सुरक्षेचं आहे की हजेरीचं, ते समजून घ्या.

पैशांबाबत थोडक्यात. अमेरिकेतला पगार जास्त, यात वादच नाही, पण त्याचा मोठा भाग शेअर्समध्ये येतो. एम्बार्क ही विनाचालक ट्रकची कंपनी 2021 मध्ये सुमारे 5 अब्ज डॉलरच्या मूल्यांकनाने बाजारात आली आणि 2023 मध्ये सुमारे 7 कोटी डॉलरला विकली गेली. ऑफरमधला शेअर्सचा आकडा शून्य धरून उरलेलं आवडतं का ते बघा. शिवाय सप्टेंबर 2025 पासून भारतात बसलेल्या माणसासाठी नवीन एच-1बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाचा, अर्ज करायचा तर कंपनीवर 1 लाख डॉलरचं शुल्क लागू झालं. त्यामुळे इथून थेट तिकडे बोलावणाऱ्या कंपन्या आणखी विरळ. एमएस करून जाणार असाल तर कर्जाच्या हप्त्यांचा आणि एखाद्या कंपनीच्या बंद होण्याचा विचार एकाच कागदावर मांडा.

बंदराचा पर्यायही विसरू नका. थायलंडमधल्या लाएम चाबांग बंदरात 2020 पासून चालकाविना कंटेनर ट्रक फिरताहेत. खाणींमध्ये तर कोमात्सूचे डंपर चिलीत 2008 पासून. कुंपणाच्या आत कायदा आणि वर्दळ दोन्ही सोपी होतात. न्हावा शेवा घरापासून तासाभरावर आहे आणि वाढवण बंदराचं भूमिपूजन 2024 मध्ये झालंय. आज तिथे अशा नोकऱ्यांची रांग लागलेली नाही, पण भारतात खरा विनाचालक ट्रक आधी दिसला तर तो अशाच आवारात दिसेल, असा माझा कयास आहे. कमी वेगाच्या आणि जवळच्या अंतराच्या परसेप्शनवर इथे केलेलं काम त्या दिवशी उपयोगी पडेल.

एका सापळ्यापासून मात्र जपा. 'विनाचालक ट्रक' असं नाव लावून येणारी, मुंबईत घरी बसून करायची कंत्राटी कामं बरीच असतात. जाहिरातीत परसेप्शन म्हटलेलं असतं, प्रत्यक्षात कोणी तरी चित्रांवर आखून पाठवलेल्या चौकटी तपासायच्या आणि रिपोर्ट भरायचा. टेक्सासमध्ये सकाळी नऊची मीटिंग म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. ती रोज करूनही ट्रक कधी दिसत नाही. अशा ऑफरमध्ये आणि वरच्या दोन्हींमध्येही मुलाखतीच्या शेवटी, 'तुम्हाला काही विचारायचंय का?' म्हटल्यावर एवढंच विचारा: गेल्या महिन्यात मॉडेलने रस्त्यावर केलेली एक चूक सांगा, ती आधी कोणाला कळली, आणि दुरुस्त झालेलं मॉडेल पुन्हा ट्रकमध्ये कधी गेलं? ज्याच्याकडे नाव, तारीख आणि थोडी चिडचिड असेल, त्याच्याकडे कामाला जा.