मोठ्या वॉटर हीटरची गॅसलाइन: आधी दाब ठरवा, मग पाइप

हॉटेल, वसतिगृह, रुग्णालय किंवा लॉन्ड्रीसाठी मोठे गॅस वॉटर हीटर बसवायचे ठरले की चर्चा लगेच पाइपवर येते. लोखंडी टाकायचा, तांब्याचा, की नालीदार स्टेनलेसचा? माझ्या मते हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की लाइनमधून गॅस किती दाबाने न्यायचा. किती इंची पाइप लागेल, रेग्युलेटर किती लागतील, पुढे आणखी हीटर जोडता येतील का, हे सगळं त्या उत्तरावर अवलंबून आहे.

त्याआधी मागणी मोजू. व्यावसायिक वापराचा बिनटाकीचा हीटर अनेकदा 58 किलोवॉटच्या आसपास असतो. असे चार धरले तर 232 किलोवॉट. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून ढोबळमानाने साडेदहा किलोवॉट-तास उष्णता मिळते, म्हणजे चारही हीटर पूर्ण ज्योतीवर असताना तासाला सुमारे 22 घनमीटर गॅस लागेल. ‘चारही एकदम थोडेच चालणार’ असं म्हणून हा आकडा खाली आणू नका. सगळी माणसं सकाळी एकाच वेळी अंघोळीला जातात तेव्हा ते एकदमच चालतात, आणि लाइन त्या तासासाठीच घालायची असते. टाकीच्या हीटरला गॅस थोडा कमी पडला तरी साठा काही वेळ सांभाळून घेतो. बिनटाकीच्या हीटरकडे साठाच नसतो. गॅस कमी पडला की पाणी तिथल्या तिथे कोमट होतं, नाहीतर हीटर एरर दाखवून बंद पडतो.

कमी दाबाची लाइन की वाढीव दाबाची?

कमी दाबाच्या लाइनमध्ये गॅस 20 मिलिबारच्या आसपास असतो. हीटरला साधारण तेवढाच दाब हवा असतो, त्यामुळे वाटेत घट होऊ द्यायला जागा फारच थोडी उरते, जेमतेम एक-सव्वा मिलिबार. म्हणून पाइप मोठा लागतो. वरच्या उदाहरणात मीटरपासून हीटरपर्यंत 30 मीटर लांबी असेल तर लोखंडी पाइप दोन इंची घ्यावा लागतो. दीड इंचीतून त्या अंतरावर तासाला 17 घनमीटरच्या आसपासच गॅस जातो. अंतर 60 मीटर झालं की दोन इंचीही अगदी काठावर येतो. लांबी मोजताना टेप सरळ धरून भागत नाही, कारण दोन इंची लाइनमधला प्रत्येक एल्बो सुमारे दीड मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. दहा वळणं म्हणजे पंधरा मीटर जादा.

वाढीव दाबाच्या लाइनमध्ये गॅस साधारण 140 मिलिबारने येतो आणि हीटरजवळच्या रेग्युलेटरने तो 20 वर आणला जातो. वाटेत 70 मिलिबार घटला तरी चालतं, त्यामुळे तेच 30 मीटर अंतर पाऊण इंची पाइपात निभावतं. पुढची वाढ धरून एक इंची घेतला की निश्चिंत. गच्चीवर चढणाऱ्या लाइनचं वजन, क्लॅम्प, भिंतीतली भोकं, सगळंच कमी होतं.

पण याची किंमत रेग्युलेटरच्या रूपात मोजावी लागते. रेग्युलेटरचा पडदा फाटला तर त्याच्या श्वासछिद्रातून गॅस बाहेर येतो, म्हणून ते छिद्र सुरक्षितपणे इमारतीबाहेर काढावं लागतं किंवा तिथे मान्यताप्राप्त मर्यादक (छिद्रातून फार थोडाच गॅस सुटू देणारा भाग) बसवावा लागतो. रेग्युलेटर बिघडून पूर्ण दाब पुढे सुटला तर हीटरच्या गॅस वॉल्व्हला तो सोसत नाही, तेव्हा जादा दाबापासून संरक्षण आवश्यकच. रेग्युलेटर एकटा हीटर मंद ज्योतीवर असतानाही आणि चारही भरात असतानाही दाब स्थिर ठेवणारा हवा. शिवाय मीटरवर तेवढा दाब मिळतो का आणि इमारतीच्या आत तो न्यायला परवानगी आहे का, हे गॅस पुरवठादाराकडून लेखी घ्या.

मीटर आणि हीटर एकाच मजल्यावर, पंधरा-वीस मीटरच्या आत असतील तर मी कमी दाबाचीच लाइन घेईन. देखभाल करायला मागे कोणी राहील याची खात्री नसेल तर नक्कीच. हीटर गच्चीवर किंवा लांबच्या इमारतीत असतील तर वाढीव दाब.

आज एलपीजी आणि उद्या पाइपचा नैसर्गिक वायू, अशी शक्यता असेल तर एक काळजी घ्या. एलपीजीत तेवढ्याच घनफळात जवळपास अडीचपट उष्णता असते, म्हणून त्याला लहान पाइप पुरतो. पण गॅस बदलल्यावर तोच पाइप हीटरचा गळा आवळतो. तेव्हा आकार नैसर्गिक वायूचा हिशोब करूनच ठरवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून तळघरात एलपीजीचे हीटर ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

आता पाइप

लोखंडी पाइप जड असतो, आटे पाडायला किंवा वेल्डिंगला वेळ खातो, पण धक्का आणि उष्णता दोन्ही सोसतो. हीटरच्या खोलीत, जिथे कुणीतरी शिडी टेकवणारच, तिथे मला दुसरं काही सुचत नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही. तिथले नियम पाहावेत.

नालीदार स्टेनलेस पाइप वाकतो, सलग जातो, त्यामुळे जोड कमी आणि काम झटपट. जुन्या इमारतीच्या वेड्यावाकड्या वाटेत तो खरोखर उपयोगी. पण आतल्या नाल्यांमुळे घर्षण वाढतं, म्हणून लोखंडी पाइपचा तक्ता (किती लांबीत किती गॅस जाईल ते सांगणारा) त्याला लावू नये, त्याच्या उत्पादकाचाच तक्ता वापरावा. भिंत पातळ असते, एक खिळा पुरतो, म्हणून आड जागी संरक्षक पट्ट्या लागतात. अर्थिंगला नीट जोडलेला नसेल तर जवळ पडलेल्या विजेच्या ठिणगीने त्याला भोक पडू शकतं.

तांबं लहान फाट्यांना ठीक. जोड ब्रेझिंगचे (जास्त तापमानाला वितळणाऱ्या धातूने सांधलेले) हवेत, साधं सोल्डर आगीत वितळतं. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड जास्त असेल तर तांबं नकोच. पिवळा पॉलिथिलीन पाइप फक्त बाहेर, जमिनीखाली.

शेवटचा हातभर

मोठी लाइन नीट घालून शेवटी घरगुती शेगडीची अर्धा इंची लवचिक नळी जोडली, तर तिथेच सगळी मेहनत अडकते. जोडनळी हीटरच्या किलोवॉटला पुरेशी असल्याचं तिच्यावर छापलेलं पाहा. प्रत्येक हीटरला स्वतंत्र बंद करण्याचा कॉक, त्यानंतर युनियन (पाइप न कापता सोडवता येणारा जोड), आणि कचरा साठायला खाली किमान 75 मिलिमीटरचा बंद तुकडा हवा.

गळतीची चाचणी हीटर वेगळे करून, हवा किंवा नायट्रोजन भरून घ्यायची. ऑक्सिजन कधीही नाही. जोडांवर साबणाचं पाणी लावायचं, काडी कधीच नाही. लाइन या चाचणीत उत्तीर्ण झाली तरी काम संपत नाही, कारण न गळणारी लाइनही अपुरी असू शकते. म्हणून सगळे हीटर पूर्ण ज्योतीवर आणि त्याच मीटरवरच्या स्वयंपाकघरातल्या शेगड्याही चालू ठेवून, सर्वांत लांबच्या हीटरपाशी दाब मोजायला सांगा. सगळं बंद असतानाचा आणि सगळं चालू असतानाचा, दोन्ही आकडे फिटरकडून लिहून घ्या, हीटरच्या पुस्तिकेतल्या किमान दाबाशी ताडून पाहा आणि मगच शेवटच्या बिलावर सही करा.